ईव्हीवर संशोधन करणारे मुळात काय शिकले?

नागपुरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीने मला विचारलं आहे: "मॅडम, मला ईव्हीवर, म्हणजे इलेक्ट्रिक गाड्यांवर, संशोधन करायचं आहे. सिनियर म्हणतात, नावातच ईव्ही असलेला एम.टेक. कर. बाबा म्हणतात, पॉवर सिस्टिम घे, म्हणजे महावितरणची परीक्षा तरी देता येईल. पण जे इलेक्ट्रिकलवाले आज खरोखर ईव्हीवर संशोधन करतात, ते मुळात काय शिकले?"

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याचं उत्तर तुला स्वतःला पडताळता येईल. आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेच्या ट्रान्झॅक्शन्स या संशोधनपत्रिकांमधला एखादा पेपर उघड आणि थेट शेवटच्या पानावर जा. तिथे बहुधा प्रत्येक लेखकाचा फोटो आणि चार-सहा ओळींची माहिती असते: पदवी कुठून, कोणत्या विषयात, कोणत्या साली, नंतर नोकरी कुठे. मोटार, इन्व्हर्टर (बॅटरीची डीसी वीज मोटारीसाठी एसी करणारा), बॅटरी आणि चार्जिंग असे चार विषय घे, प्रत्येकातले पाच-पाच पेपर काढ आणि या ओळी वहीत उतरव. एका रविवारचं काम आहे. मी एम.टेक.ला असताना हे सुरू केलं. अजूनही नवा पेपर हातात आला की मी आधी शेवटचं पान बघते. माणूस कुठून आला हे कळलं की त्याने प्रश्न तसाच का मांडला तेही उलगडतं.

तुझ्या वहीत काय जमेल त्याचा अंदाज सांगते. पदवी बहुतेकांची इलेक्ट्रिकल किंवा इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स. काहींची इन्स्ट्रुमेंटेशन, काहींची टेलिकम्युनिकेशन. एम.टेक. आणि पीएच.डी.च्या रकान्यात पॉवर इलेक्ट्रॉनिक्स (स्विचच्या मदतीने वीज हवी तशी बदलण्याचं शास्त्र) वारंवार येईल, त्याच्या मागोमाग इलेक्ट्रिकल मशीन्स, कंट्रोल, पॉवर सिस्टिम. नावात ईव्ही असलेली पदवी क्वचितच सापडेल. आज जे गाईड म्हणून बसलेत ते शिकत होते तेव्हा ती पदवी कुठे मिळतच नव्हती. त्यांनी एक जुना विषय मुळापासून केला आणि त्यातला एखादा प्रश्न त्यांना गाडीपर्यंत घेऊन गेला. हे मी इतक्या ठामपणे सांगते कारण माझंही तसंच झालं, आणि माझ्याकडे पीएच.डी. करणाऱ्या मुलांमध्येही जे टिकले ते असेच आलेले आहेत.

काही माणसांचे प्रवास बघ. कौशिक राजशेखरा बंगळूरच्या आयआयएससीचे, म्हणजे भारतीय विज्ञान संस्थेचे. पीएच.डी.ही तिथलीच, १९८४ची. पुढे ते अमेरिकेत जनरल मोटर्सच्या इम्पॅक्ट या इलेक्ट्रिक गाडीच्या कामात होते. हीच गाडी पुढे ईव्ही१ म्हणून रस्त्यावर आली. म्हणजे पॉवर इलेक्ट्रॉनिक्समधून थेट गाडीत. हा सरळ रस्ता.

जयंत बालिगा मात्र गाडीच्या वाटेला गेलेच नव्हते. त्यांनी १९६९ मध्ये आयआयटी मद्रासमधून इलेक्ट्रिकलची पदवी घेतली, अमेरिकेत रेन्सलरला पीएच.डी. केली आणि जनरल इलेक्ट्रिकमध्ये अर्धवाहकांवर काम केलं. मोटारीचा वेग कमी-जास्त करता यावा म्हणून चांगला स्विच हवा होता. त्यातून आयजीबीटी हा अर्धवाहक स्विच आला आणि नंतर कितीतरी इलेक्ट्रिक गाड्यांच्या इन्व्हर्टरमध्ये तोच बसला.

अशोक झुनझुनवाला यांचा प्रवास तर मी वर्गात नेहमी सांगते. आयआयटी कानपूरची इलेक्ट्रिकलची पदवी, अमेरिकेत मेन विद्यापीठाची पीएच.डी., आणि मग मद्रासला कित्येक वर्षं दूरसंचारातलं काम. बिनतारी टेलिफोनच्या कॉरडेक्ट या तंत्रज्ञानामागे तेच होते. ईव्हीकडे ते उत्तरायुष्यात वळले आणि केंद्राच्या धोरणापर्यंत पोचले. ज्याने टेलिफोन स्वस्त करण्याचा हिशेब आयुष्यभर केला, तो माणूस बॅटरी लहान ठेवून ती बदलत राहण्याचा विचार मांडतो यात मला काही आश्चर्य वाटत नाही.

आणि हाँगकाँगचे सी. सी. चॅन, ज्यांचं नाव ईव्हीच्या अभ्यासात जगभर आदराने घेतात. त्यांनी १९५९ मध्ये बीजिंगच्या त्सिंगह्वा विद्यापीठातून एम.एस्सी. केलं आणि पीएच.डी. केली १९८२ मध्ये, पंचेचाळिशीत. बाबा "आता नोकरी धर, संशोधन नंतर" म्हणत असतील तर त्यात तथ्य आहे. मी स्वतः नऊ वर्षं पुण्याला ड्राइव्ह बनवणाऱ्या कंपनीत काम करून अडतिसाव्या वर्षी पीएच.डी.ला बसले.

आता जुना विषय म्हणजे काय ते जरा उलगडते, कारण "जुना" म्हटलं की मुलांचे चेहरे पडतात.

तुम्हाला मशीन्समध्ये पार्कचं रूपांतर शिकवलं असेल. तीन फेजच्या राशी फिरत्या रोटरवर बसून बघायच्या, म्हणजे हेलकावणारे प्रवाह स्थिर दिसतात. रॉबर्ट पार्क यांनी ते १९२९ मध्ये मांडलं ते वीजकेंद्रातल्या सिंक्रोनस जनित्रांसाठी. १९७०च्या सुमारास जर्मनीत त्याच कल्पनेवर व्हेक्टर कंट्रोल, म्हणजे एसी मोटारीचा टॉर्क नेमका हाताळण्याची पद्धत, उभं राहिलं. आज चांगल्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या कंट्रोलरमध्ये हेच रूपांतर सेकंदाला हजारो वेळा होतं. कोराडीच्या ६६० मेगावॅटच्या जनित्राची आणि तुझ्या वर्गमैत्रिणीच्या स्कूटरच्या मोटारीची समीकरणं एकाच घराण्यातली आहेत. ज्या मुलीला कोराडीचं जनित्र नीट कळलं, तिला स्कूटरची मोटार समजायला एक सेमिस्टर पुरतं. उलट, ज्याला कंट्रोलरची सेटिंग फक्त सॉफ्टवेअरच्या खिडकीतून बदलता येते, त्याची मोटार गरम झाल्यावर दम का टाकते हे त्याला सांगता येत नाही.

हा गरम होण्याचा भाग आपल्या नागपूरचा आहे, म्हणून इथे थांबते.

कायमचुंबकी मोटारीत नियोडिमियमचे चुंबक असतात. दर अंश सेल्सियसला त्यांचं चुंबकत्व साधारण ०.११ ते ०.१२ टक्क्यांनी उतरतं. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. आता मोटारीचं आतलं तापमान २५ वरून १२५ अंशांवर गेलं असं धर. चुंबकत्व अकरा-बारा टक्के घटलं, म्हणजे तेवढाच टॉर्क (फिरवण्याचा जोर) काढायला सुमारे तेरा टक्के जास्त प्रवाह हवा. तोटा प्रवाहाच्या वर्गाने वाढतो आणि रोध स्वतः ३९ टक्के वाढलेला आहे. गुणाकार कर: वाइंडिंगमधला तोटा पाऊणपट जास्त! त्या तोट्याने मोटार आणखी तापते आणि चक्र पुढे सरकतं. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना वर्धा रोडच्या उड्डाणपुलावर चार माणसं घेऊन चढणाऱ्या गाडीत हेच चाललेलं असतं. थंड हवेच्या गावात बसून हा प्रश्न सुचला असता, पण टोचला नसता.

हे सोडवायला कोण लागतं? वाइंडिंग आणि चुंबकीय परिपथ समजणारा मशीन्सचा माणूस, तापमान मोजता येत नाही तिथे त्याचा अंदाज बांधणारा कंट्रोलचा माणूस, आणि उष्णता वाहून न्यायला मेकॅनिकलचा माणूस. चेतन मैनी, ज्यांची रेवा २००१ मध्ये आपल्या रस्त्यांवर आली, ते मूळचे मेकॅनिकलचेच. मिशिगनची पदवी, स्टॅनफर्डचं मास्टर्स.

बॅटरीकडे ये. इथे तुला वाटेल की हे सगळं रसायनशास्त्रवाल्यांचं. बॅटरीतल्या पेशीच्या (सेलच्या) आतलं बरंच त्यांचं आहे हे खरं. लिथियम आयर्न फॉस्फेटचं कॅथोड (पेशीचं धन टोक) १९९७ मध्ये जगासमोर आलं ते जॉन गुडइनफ यांच्या गटाकडून, आणि गुडइनफ तर पदवीने गणिताचे, पीएच.डी.ने भौतिकशास्त्रज्ञ. रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना २०१९ मध्ये मिळालं, सत्त्याण्णवाव्या वर्षी. पेशीच्या बाहेर आलीस की मात्र इलेक्ट्रिकलचं राज्य सुरू होतं.

या फॉस्फेटच्या पेशीची एक खोड आहे. साधारण २० ते ८० टक्के चार्जच्या दरम्यान तिचा व्होल्टेज ३.२ ते ३.३ च्या आसपास जवळजवळ सपाट राहतो. जुन्या शिशाच्या बॅटरीवर व्होल्टमीटर लावून अंदाज घेता यायचा. इथे तो मीटर फारसं काही सांगत नाही. प्रवाह मोजून बेरीज करत जावं, तर सेन्सरची बारीक चूक दिवसभर साठत जाते. सीताबर्डीवर लिथियमची ई-रिक्षा चालवणाऱ्या कुणालाही विचार, "चाळीस टक्के दाखवत होता, पुढच्या चौकात एकदम दहावर आला" हे वाक्य ऐकायला मिळेल. तो माणूस भर दुपारी सवारी उतरवून गाडी ढकलत नेतो. त्याच्यासाठी हा आकडा म्हणजे दिवसाची कमाई असते.

यावरचा गाजलेला उपाय कुठून आला बघ. रुडॉल्फ कालमन यांनी १९६० मध्ये एक फिल्टर मांडला, म्हणजे चुका असलेल्या मोजमापांतून खरी स्थिती ओळखण्याची गणिती रीत. त्याचं पहिलं मोठं काम झालं अवकाशयानांच्या दिशादर्शनात. २००४ मध्ये ग्रेगरी प्लेट यांनी तो विस्तारित रूपात बॅटरीचा चार्ज ओळखायला कसा वापरायचा ते सविस्तर दाखवलं. प्लेट यांची पीएच.डी. स्टॅनफर्डची, इलेक्ट्रिकलमधली, आणि विषय अनुकूली नियंत्रणाचा. त्यांनी पेशीकडे एक प्रणाली म्हणून पाहिलं, जिच्या आतली स्थिती थेट दिसत नाही पण बाहेरच्या खुणांवरून ओळखता येते. तुझ्या पाचव्या-सहाव्या सेमिस्टरच्या कंट्रोलच्या पेपरमध्ये स्टेट स्पेस असेल, म्हणजे प्रणालीची आतली स्थिती समीकरणांत मांडण्याची पद्धत. बॅटरी मॅनेजमेंटमध्ये, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवून ती सांभाळण्याच्या कामात, शिरायचा दरवाजा तोच आहे. तो पेपर फक्त पास होण्यापुरता करू नकोस, एवढं माझं कळकळीचं सांगणं आहे.

इथेही उन्हाचा संबंध येतो. फॉस्फेटच्या बहुतेक पेशींच्या माहितीपत्रकात चार्जिंगसाठी ० ते ४५ अंश अशी मर्यादा लिहिलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी उघड्यावर उभी असलेली गाडी चार्जिंगला लावण्याआधीच त्या मर्यादेला टेकलेली असते. मग चार्जिंग कधी थांबवायचं, किती प्रवाहाने द्यायचं, रात्रीवर ढकलायचं का, हे ठरवणारा नियम कुणीतरी लिहायचा आहे.

बाबांच्या पॉवर सिस्टिमला मी कमी लेखत नाही, आणि तूही लेखू नकोस. वस्तीतली डीपी, म्हणजे घरांना वीज देणारं रोहित्र, २०० केव्हीएची आहे असं समज. त्या वस्तीत तीस गाड्या रात्री ३.३ किलोवॅटच्या चार्जरवर लागल्या तर जवळजवळ १०० किलोवॅट झाले, म्हणजे रोहित्राची निम्मी क्षमता. दुसऱ्या शहरात रात्री बाकीचा भार उतरलेला असतो. आपल्याकडे मे महिन्यात घराघरात कूलर आणि एसी रात्रभर चालू, हवाही तापलेली, म्हणून रोहित्राला गार व्हायला वेळच मिळत नाही. कुठली गाडी कधी चार्ज करायची, हार्मोनिक्स (विजेच्या लहरीतली विकृती) किती येतील, गाडीतून उलट ग्रिडला वीज देता येईल का, हे सगळं काम पॉवर सिस्टिम शिकलेल्यांचं आहे. मे २०१७ मध्ये नागपुरात इलेक्ट्रिक टॅक्सींचा प्रयोग सुरू झाला. एका ताफ्याला किती चार्जर, कुठे आणि कोणत्या वेळी, हा अभ्यासाचा विषय या शहरात तेव्हापासून डोळ्यांसमोर आहे.

हाय व्होल्टेजचा विषय तर मुलं कंटाळवाणा म्हणून सोडून देतात. पण गाड्या ८०० व्होल्टकडे चालल्या आहेत आणि सिलिकॉन कार्बाइडचे स्विच इतक्या झपाट्याने चालू-बंद होतात की वाइंडिंगच्या पहिल्या काही वेढ्यांवर ताण एकवटतो आणि इन्सुलेशन आतून झिजत जातं. पार्शल डिस्चार्ज, म्हणजे इन्सुलेशनमधल्या या बारीक ठिणग्या, मोजण्यात आयुष्य घालवलेली माणसं आता मोटार बनवणाऱ्यांना हवी आहेत. टेलिकम्युनिकेशनवाल्यांसाठी गाडीतलं संदेशवहन आणि चार्जरशी होणारं बोलणं आहे, ते वेगळं सांगत नाही.

मग एम.टेक. कुठला? नाव न बघता विषयांची यादी माग. तिच्यात मशीन्सचं मॉडेलिंग, पॉवर कन्व्हर्टर, डिजिटल कंट्रोल हे तीन विषय पूर्ण वजनाने असतील, प्रयोगशाळेसकट असतील, तर वर ईव्ही लिहिलेलं असो वा पॉवर इलेक्ट्रॉनिक्स अँड ड्राइव्हज, निश्चिंतपणे घे. यादीत ईव्हीची ओळख, ईव्हीचं धोरण, ईव्हीचं अर्थकारण असे वरवरचे विषय भरलेले असतील तर जाऊ नकोस. प्रयोगशाळेत प्रत्यक्ष जा आणि तीन गोष्टी बघ: दोन बिंदूंमधला व्होल्टेज सुरक्षितपणे मोजणारा डिफरन्शियल प्रोब आहे का, मोटारीवर भार देणारा डायनॅमोमीटर चालू स्थितीत आहे का, आणि टेबलावर जळलेले मॉसफेट (अर्धवाहक स्विच) पडलेले दिसतात का. तिसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जिथे काही जळतच नाही तिथे बहुधा काही चालवलंही जात नाही. मी बनवलेला पहिला इन्व्हर्टर डेड टाइम, म्हणजे एक स्विच बंद होऊन दुसरा चालू होईपर्यंतची मोकळी वेळ, कमी ठेवल्यामुळे क्षणात उडाला होता. एकाच लेगमधले वरचा आणि खालचा स्विच काही क्षण एकत्र चालू राहिले आणि सप्लाय शॉर्ट झाला. ती चूक पूर्णपणे माझी होती. पण त्या दिवसापासून वेव्हफॉर्म पाहिल्याशिवाय मी मुख्य सप्लाय दिलेला नाही, आणि माझ्या विद्यार्थ्यांनाही देऊ देत नाही.

डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेली मुलं संशोधनात मागे पडतात असं कुणी म्हटलं तर याच कारणाने विश्वास ठेवू नकोस. सोल्डरिंग, वाइंडिंग, पॅनेलची वायरिंग त्यांच्या हातात बसलेली असते. त्यांना गणितासाठी वर्षभर जास्त बसावं लागतं, तुला हातांसाठी बसावं लागेल. वर्गात अशी कुणी असेल तर तिच्याबरोबर प्रोजेक्ट कर.

पैशाचंही बोलू, घरात ते विचारतातच. गेट ही प्रवेश परीक्षा देऊन एम.टेक.ला गेलीस तर महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. पीएच.डी.ला जेआरएफ (सुरुवातीची संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली तर २०२३च्या सुधारणेनंतर महिन्याला ३७,००० आणि एसआरएफ (पुढच्या टप्प्याची) झाल्यावर ४२,००० रुपये, घरभाडं वेगळं. नोकरीशी तुलना करता हे थोडं आहे, पण स्वतःचा खर्च भागतो. गेटचा अभ्यास आणि महावितरणच्या परीक्षेचा अभ्यास बराचसा एकच आहे. दोन्ही दे. बाबांशी वाद घालायची गरज पडणार नाही.

गावाबाहेर जायच्या आधी गावातलं बघून घे. १९६० सालचं आपलं व्हीआरसीई हे अभियांत्रिकी महाविद्यालय, आताचं व्हीएनआयटी, तिथे ड्राइव्हजवर काम चालतं. रसायनाच्या बाजूला १९४२ची लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था आहे, आता ती विद्यापीठ झाली आहे. वाडीला अ‍ॅल्युमिनियमवर संशोधन करणारी जवाहरलाल नेहरूंच्या नावाची संस्था आहे, आणि बॅटरीचं कवच, थंड करणाऱ्या पट्ट्या अ‍ॅल्युमिनियमच्याच असतात. एका बसच्या तिकिटात तीन वेगळ्या शिक्षणाची माणसं भेटतात.

आता मार्च चालू आहे. तुझ्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी सुचवते: ओळखीच्या एका ई-रिक्षावाल्या काकांना विचारून त्यांच्या बॅटरीला चार थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) आणि एक प्रवाहाचा सेन्सर लाव. एप्रिलपासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत दर दहा सेकंदांची नोंद घे: चार्जिंगला लावताना पेशी किती तापलेली होती, मीटरने किती टक्के दाखवले, गाडी प्रत्यक्षात किती धावली. त्यांच्या वेळेचे पैसे दे, आणि नोंदींतून जे निघेल ते आधी त्यांनाच समजेल अशा मराठीत सांग. त्या नोंदींसमोर बसलीस की आठ-दहा दिवसांत तुला कळेल की तुझं मन तापमानाकडे ओढ घेतंय, चार्जच्या अंदाजाकडे, की रात्रीच्या डीपीच्या भाराकडे. एम.टेक.चा अर्ज भरायच्या आधी ती वही घेऊन माझ्याकडे ये.